गिधाडाच्या हाडाची बासरी आणि समेवर हलणारी मान

नळीफुंके

माणसाचं संगीत कुठून आलं हा विषय निघाला की गाडी पक्ष्यांची किलबिल, झऱ्याची खळखळ अशा कविकल्पनांत शिरते आणि तिथेच रुतते. म्हणून हातात धरता येईल अशा वस्तूपासून सुरुवात करतो.

दक्षिण जर्मनीत स्वाबियन युरा नावाचा चुनखडीचा डोंगराळ पट्टा आहे. तिथल्या होहले फेल्स गुहेत २००८ साली निकोलस कोनार्ड यांच्या चमूला गिधाडाच्या पंखातल्या हाडाची बासरी सापडली. १२ तुकडे होते, जोडल्यावर लांबी भरली २१.८ सेंमी. जाडी जेमतेम ८ मिमी, बोटांची पाच छिद्रं. फुंकायच्या टोकाला व्ही आकाराच्या दोन खोल खाचा. दुसरं टोक पाचव्या छिद्राशी मोडलेलं, त्यामुळे मूळ लांबी अंदाजानेच धरावी लागते. वय ३५ ते ४० हजार वर्षं. जवळच्याच गाइसेनक्लोस्टर्ले गुहेत हंसाच्या हाडाच्या आणि मॅमथच्या सुळ्याच्या बासऱ्या मिळाल्या. त्या थरांचं वय २०१२ मध्ये नव्याने काढलं तेव्हा ४२ ते ४३ हजार वर्षं आलं.

यातली सुळ्याची बासरी बघा. हाड मुळात पोकळ असतं, सुळा भरीव. तो आधी दांड्यासारखा तासायचा, उभा चिरायचा, दोन्ही अर्धे आतून कोरायचे आणि चिकट पदार्थाने हवाबंद जोडायचे. चिरण्याआधी सांध्यावर आडव्या खाचा पाडलेल्या दिसतात, म्हणजे जोडताना दोन्ही अर्धे जिथल्या तिथे बसावेत. कुठे केसाएवढी फट राहिली तरी सूर लागत नाही. पक्ष्यांची हाडं हाताशी असताना कोणी हा खटाटोप केला असेल, तर ती त्याची पहिली बासरी नव्हे, आणि त्याच्या गुरूचीही नव्हे.

माझा मुद्दा एवढाच: ही संगीताची सुरुवात नाही, हा बराच पुढचा मुक्काम आहे. आधीचं सगळं गळ्यात, टाळीत आणि पायात झालं असणार, आणि त्याची हाडं उरत नाहीत. ते शोधायचं तर आजच्या माणसाच्या कानात आणि डोक्यातच शोधावं लागेल.

---

खडीसाखर

वाचतेय. पण ती वाजते कशी? आडवी की उभी? आणि घरी करता येईल का?

---

नळीफुंके

उभी, तिरकी धरून. जपानी शाकुहाची किंवा पेरूकडची केना ज्या तत्त्वावर वाजते तेच. टोकाच्या खाचेच्या धारेवर हवेची पातळ पट्टी आपटते आणि आत-बाहेर झुलते.

गिधाडाचं हाड मिळवायच्या फंदात पडू नका. आपल्याकडची गिधाडं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेल्या पक्ष्याचं हाडसुद्धा चालत नाही. बोरूची किंवा नळाची सरळ, सुकलेली कांडी घ्या. आतला व्यास ८ मिमी, भिंत साधारण दीड मिमी, लांबी २६० मिमी. मधे पेर आलं तर तापवलेल्या सळईने आरपार जाळून काढा आणि सळईला पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासा. आत गाठ राहिली की वरचे स्वर बेसूर होतात.

खाच: एका टोकाला ५ मिमी रुंद, ४ मिमी खोल. बाहेरच्या बाजूने कानशीने ४५ अंशांचा उतार द्या म्हणजे धार आतल्या भिंतीशी येईल. छिद्रं आत्ता पाडूच नका. आधी नळी नुसती बोलती करा. टोक खालच्या ओठाखाली हनुवटीला टेकवा, खाच समोर ठेवा, ओठ जवळजवळ मिटून बारीक फट ठेवा आणि फुंकर थेट धारेवर सोडा.

स्वर किती येईल? दोन्ही टोकं उघडी, म्हणून आवाजाचा वेग भागिले परिणामी लांबीची दुप्पट. २५ अंश तापमानाला वेग सेकंदाला ३४६ मीटर. टोकांबाहेरची हवाही थोडी हलते, त्यामुळे २६० मिमीची नळी साधारण २६८ मिमीसारखी वागते. उत्तर ६४५ हर्ट्झ, म्हणजे पांढरी तीनच्या (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी) किंचित खाली. तो सा धरा.

रे साठी लांबी ८/९ पट, म्हणजे २३८ मिमी हवी. पण छिद्र नळीपेक्षा बारीक असलं की हवा त्याच्या थोडी पुढेपर्यंत हलते, म्हणून छिद्र गणितातल्या जागेपेक्षा ९-१० मिमी फुंकीकडे सरकवावं लागतं. टोकाची दुरुस्तीही (टोकाबाहेर हलणाऱ्या हवेमुळे धरलेली जादा लांबी) वजा केली की ते खालच्या टोकापासून ३८ मिमीवर येतं. सुरुवात ३ मिमी छिद्राने करा, ट्यूनर लावून कानशीने ५ मिमीपर्यंत वाढवत न्या. छिद्र मोठं केलं की स्वर चढतो. फार चढला तर कडेला मेण लावून उतरवा. पुढचं छिद्र हे जुळल्यावरच. सगळी छिद्रं आधी पाडून मग जुळवायला बसलात तर कांडी फेकून द्यावी लागेल, कारण प्रत्येक छिद्र बाकीच्यांवर थोडा परिणाम करतं.

नेहमीच्या अडचणी:

नुसता फुस्स आवाज येतो: धार बोथट आहे किंवा फुंकर खाचेवरून जाते. नळी जागच्या जागी थोडी फिरवून बघा.

एकदम तार सप्तकात जातो: एवढ्या अरुंद नळीत फुंकर जराशी वाढली की असंच होतं. हा दोष नाही, तीच दुसऱ्या सप्तकाची वाट आहे.

काल वाजत होती, आज नाही: सुकून उभी चीर गेली. उजेडासमोर धरून बघा, चिरेत मेण भरा आणि वर सुतळी गच्च आवळा.

भोक पाडताना फुटली: ड्रिलने बोरू फाटतोच. बासरीवाले सळई तापवून जाळतात ते उगाच नाही.

---

कानसेन

उत्तम. पण स्लोव्हेनियातली दिव्ये बाबे विसरलात. अस्वलाच्या पिल्लाच्या मांडीचं हाड, १९९५ मध्ये मिळालं, ५० ते ६० हजार वर्षं जुनं, तेही निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीच्या थरात. मग बासरी आपल्या आधीची नाही का?

---

जुनी_हाडं

विसरले नसावेत, मुद्दाम बाजूला ठेवलं असावं.

बासरी म्हणणारे छिद्रांची सरळ ओळ दाखवतात आणि प्रतिकृती वाजवून दाखवतात. विरोधक हाडाकडे बोट करतात. दोन्ही टोकं कुरतडलेली आहेत, आणि गुहेतल्या अस्वलांच्या इतर हाडांवर मांसाहारी जनावरांच्या दातांनी अशीच गोल भोकं पडलेली सापडतात. दगडी हत्याराने पोखरल्याची स्पष्ट, निर्विवाद खूण या हाडावर नाही. वाजतं हा पुरावा होत नाही, पेनाचं टोपणही वाजतं. होहले फेल्सच्या बासरीत छिद्राभोवतीचा पृष्ठभाग तासून खोलगट केलेला आहे, बोट नीट बसावं म्हणून. छिद्रांच्या जवळ जागा आखल्याच्या बारीक रेघा आहेत. फरक इथे आहे. माझं मत दिव्ये बाबेच्या विरोधात.

निअँडरथल गात नव्हते असं मात्र यातून निघत नाही. इस्राएलमधल्या केबारा गुहेतलं त्यांचं जिभेखालचं हाड आपल्यासारखंच आहे. चिंपांझी आणि गोरिलाच्या स्वरयंत्राला हवेच्या पिशव्या असतात. त्या आवाज मोठा करतात, पण स्वरातला नेमकेपणा घालवतात. इथियोपियात दिकिका इथे मिळालेल्या ऑस्ट्रालोपिथेकस या माणसाच्या दूरच्या पूर्वजकुळातल्या बाळाचं हेच हाड वानरासारखं फुगीर आहे, म्हणजे त्याला त्या पिशव्या असाव्यात. पुढे कधीतरी त्या गेल्या आणि गळा मोकळा झाला. बासरीच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही.

---

विलंबित

आपल्याकडे सामवेद आहेच की. गायनाचा उगम तिथे धरायला काय हरकत?

---

जुनी_हाडं

हरकत एका शून्याची. सामगान फार तर तीन-साडेतीन हजार वर्षांचं. लिहून आणि पाठ करून ठेवलेल्या संगीताचा तो फार जुना नमुना आहे आणि त्याचं मोल तेवढ्यासाठी आहेच. पण गिधाडाची बासरी त्याच्या दसपट जुनी आहे.

---

मात्रा_सोळा

स्वर झाला, लयीकडे या. माझ्या मते खरा उगम तिकडे आहे, आणि तो घरी मोजताही येतो.

मेट्रोनोम मिनिटाला १०० वर लावा, म्हणजे दोन ठोक्यांत ६०० मिलिसेकंद. आवाज फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ठेवा. ब्लूटूथ हेडफोन नको, त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि सगळा प्रयोग वाया जातो. शेजारी दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, टेबलावर पेन्सिलीने ठोक्याला ठोका द्या. ५० ठोके पुरेत, पहिले १० सोडून द्या. मग ध्वनिलहर मोठी करून पाहा: पेन्सिलीचा ठोका मेट्रोनोमच्या आधी पडलेला दिसेल, बहुतेकांचा २० ते ८० मिलिसेकंद आधी. मुरलेल्या वादकाचं अंतर कमी असतं, पण असतं.

आवाज ऐकून मग हात हलला असता तर ठोका दीडएकशे मिलिसेकंद मागे पडला असता. आपण ठोका ऐकत नसतो, त्याची वाट बघत असतो. मकाक माकडांना वर्षभर शिकवलं तरी ती बहुतेकदा आवाजानंतरच ठोका देतात.

ठोक्यांतलं अंतर १८०० मिलिसेकंदांच्या पुढे नेलं की मजा बघा. अंदाज कोसळतो, माणूसही माकडासारखा मागून ठोके देऊ लागतो. अतिविलंबित एकतालात तबलजी मात्रेच्या पोटात भरणा का करतो, त्याचं एक कारण इथेच आहे. मधली जागा भरली नाही तर लय हातातून सुटते.

२००९ मध्ये बुडापेस्टला दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवून मेंदूचे तरंग मोजले. मधेच मुख्य ठोका गाळला की त्यांच्या मेंदूत ‘काहीतरी चुकलं’ अशी नोंद उमटत होती. टाळ्या वाजवायला कोणी शिकवण्याआधीच ही अपेक्षा तयार होती.

---

कानसेन

पण स्नोबॉल नावाचा काकाकुवा पॉप गाण्यावर नाचतोच की. मग माणसाचं वेगळेपण कुठे?

---

मात्रा_सोळा

बरोबर, आणि तो गाण्याची गती बदलली की आपली गतीही बदलतो, हे २००९ मध्ये तपासलंय. त्यावरून संगीत आणि मेंदूचे अभ्यासक अनिरुद्ध पटेल यांचं म्हणणं असं: ऐकलेला आवाज गळ्यातून काढायला शिकणारे जीवच ठेका धरू शकतात, कारण कान आणि हालचाल यांना जोडणारी मेंदूतली वाट दोन्हीकडे एकच. पोपट शिकतो, माकड शिकत नाही. छान बसत होतं. मग २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात रोनन नावाची समुद्रसिंहीण मान हलवून ठेका धरायला शिकली, आणि तिच्या जातीला आवाजाची नक्कल येते याचा पुरावा नाही. सिद्धांत मोडला म्हणत नाही, पण चांगलाच लंगडतोय.

---

विलंबित

हे झालं ‘कसं’. ‘का आवडतं’ ते राहिलं. अंगावर काटा का येतो?

---

मात्रा_सोळा

वाट बघण्यामुळेच. तीनतालातली (१६ मात्रांचा ताल) साधी तिहाई घ्या, म्हणजे तोच बोल तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडणं. बोल ‘तिट कत गदि गन धा’, एकेका मात्रेला एक, म्हणजे पाच मात्रा. तीनदा म्हणायचा आणि मधे एकेक मात्रा रिकामी, हाच दम. ५+१+५+१+५ = १७. समेपासून उचलली तर धा पडतो ५, ११ आणि १७ व्या मात्रेवर. सतरावी म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. दम न घेता लागोपाठ म्हणायची तर १५ मात्रा, म्हणून उचल तिसऱ्या मात्रेवरून. नवशिके इथेच फसतात: दमाची तिहाई तिसरीवरून उचलतात आणि समेच्या दोन मात्रा पुढे जाऊन पडतात.

आता ऐकणाऱ्याच्या डोक्यात बघा. पहिल्या तुकड्याला काही कळत नाही. दुसऱ्याला ओळख पटते. तिसरा सुरू झाला की शेवट कुठे होणार ते पक्कं ठाऊक असतं, आणि मान समेच्या आधीच उचललेली असते. हीच रचना मेंदूच्या चित्रांत दिसते. २०११ मध्ये मॉन्ट्रियलला व्हॅलोरी सलीमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटाने, संगीत ऐकताना हमखास काटा येणाऱ्या लोकांमध्ये डोपामिन (मेंदूतलं बक्षिसाशी जोडलेलं रसायन) मोजलं. काटा येण्याच्या आधी, वाट बघताना, ते मेंदूच्या कॉडेट नावाच्या भागात सुटत होतं. प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या भागात, न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्समध्ये. म्हणजे समेचा आनंद दोन हप्त्यांत मिळतो, आणि पहिला हप्ता समेच्या आधीच हातात पडतो.

हे नुसतं सोबत घडणारं नाही हेही तपासलं गेलं. २०१९ मध्ये २७ जणांना वेगवेगळ्या दिवशी डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा, ते अडवणारं रिस्पेरिडोन आणि नुसती साखरेची गोळी दिली. लेव्होडोपाने गाण्यातला आनंद वाढला, रिस्पेरिडोनने घटला.

---

खडीसाखर

मग काही लोकांना गाणं अजिबातच आवडत नाही, ते?

---

मात्रा_सोळा

आहेत. बार्सिलोनाच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की काहींना पैशाच्या खेळात नेहमीसारखी मजा येते, चाल ओळखता येते, सूर-बेसूर कळतं, पण गाण्याने आत काही हलत नाही. कान शाबूत, बक्षीस देणारी यंत्रणाही शाबूत, दोघांमधला दुवा कमकुवत. अशांना अरसिक म्हणून डिवचू नये.

---

कानसेन

सुसंवाद तरी निसर्गदत्त असेल ना? सा-प गोड लागतो तो जगभर गोड लागणारच.

---

नळीफुंके

सगळ्यांना तसंच वाटत होतं. २०१६ मध्ये जॉश मॅकडरमॉट यांच्या गटाने बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांना संवादी आणि विसंवादी स्वरजोड्या ऐकवल्या. त्यांना दोन्ही सारख्याच बऱ्या वाटल्या. त्यांच्याकडे एका वेळी अनेक स्वर लावून गायची पद्धत नाही. पण खरखरीत आवाज त्यांनाही नकोसा होता.

खरखर म्हणजे काय ते तानपुऱ्याच्या दोन अ‍ॅपवर कळेल. एक सा ठेवा २२० हर्ट्झवर, दुसरा २२३ वर: सेकंदाला तीन डोल येतील, वाईट नाही लागत. आता २४५ वर न्या: डोल इतके जलद की कानाला ओरखडे पडतात. ही कानाच्या आतल्या पडद्याची मर्यादा आहे, ती सगळ्यांना सारखी. त्यापुढे पंचम ‘गोड’ वाटणं यात तानपुऱ्याखाली बसून मुरलेल्या कानाचा वाटा मोठा.

भाव मात्र बराच सीमा ओलांडतो. १९९९ मध्ये हिंदुस्तानी संगीत न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध त्यांनी ओळखले, बहुतेक गती आणि चालीच्या गुंतागुंतीवरून. शांत रस काही ओळखता आला नाही. त्यासाठी घरचाच कान लागतो.

---

विलंबित

४३२ हर्ट्झ ही विश्वाची कंपनसंख्या आहे असं वाचलंय, त्यावर कोणी लिहील का?

---

जुनी_हाडं

नको. हर्ट्झ सेकंदावर बेतलेला आणि सेकंद माणसाने ठरवलेला. शिवाय आपला सा गवय्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो, काळी एक ते काळी पाच. ४३२ बसवणार कुठे?

---

कानसेन

उगमाच्या सिद्धांतांवर कोणी बोललंच नाही. डार्विनने १८७१ मध्ये जोडीदार मिळवण्याशी संबंध जोडला. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर १९९७ मध्ये ‘कानाचा चीजकेक’ म्हणून मोकळे झाले: भाषा आणि बाकीच्या क्षमतांवर पोसलेली चैन, स्वतःचा उपयोग शून्य.

---

खडीसाखर

पिंकर यांनी रडणारं मूल झोपवून बघायला हवं होतं. मॉन्ट्रियलमध्ये २०१६ च्या सुमारास सात ते दहा महिन्यांच्या बाळांना अनोळखी भाषेतलं बोलणं आणि गाणं ऐकवलं. बोलण्यावर बाळं सुमारे चार मिनिटं शांत राहिली, गाण्यावर नऊ. सॅम्युएल मेर यांचा सिद्धांत इथून सुरू होतो. आई गात असते तेव्हा तिचं तोंड बाळाकडे असतं, श्वास त्यात गुंतलेला असतो, म्हणजे लक्ष आपल्याकडे आहे याची बाळाला खात्री मिळते. हाक मारून दूर जाता येतं, अंगाई गात दुसऱ्याशी भांडता येत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, एकत्र लयीत हलल्याने गट बांधला जातो. ऑक्सफर्डच्या होडीवाल्यांनी ४५ मिनिटं एकेकट्याने आणि मग एकत्र वल्ही मारली. नंतर रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळून वेदना कुठवर सोसते ते मोजलं. कष्ट तेवढेच, पण एकत्र मारल्यावर सहनशक्ती जास्त. जात्यावर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढताना ओवी का निघते, याचं उत्तर त्यात थोडंफार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. चैन म्हणून पहाटे चार वाजता एवढं कोणी गात नाही.

मला दोन्ही पक्ष एकमेकांना खोडतात असं वाटत नाही. अंगाई आणि ओवी एकाच बाईच्या तोंडी असतात.

---

विलंबित

शेवटची शंका. ४० हजार वर्षांपूर्वीचे लोक पाच स्वरांत गायचे, असं बासरीवरून म्हणता येईल का?

---

नळीफुंके

नाही. वर सांगितलेली नळी करून बघा: एकाच छिद्रावर, फक्त फुंकीचा कोन बदलून, स्वर अर्ध्या स्वरापर्यंत सहज चढतो-उतरतो. अर्धं छिद्र झाकलं की आणखी. मोडलेल्या बासरीवरून सप्तक काढणारे आपल्या कानातलं सप्तक काढत असतात.

पण ठरावीक स्वराची अपेक्षा होती असा पुरावा हवा असेल तर चीनमध्ये हनान प्रांतातल्या जियाहूला जावं लागेल. तिथे सारस कुळातल्या पक्ष्याच्या पंखाच्या हाडांच्या, सात ते नऊ हजार वर्षं जुन्या बासऱ्या मिळाल्या. त्यातली सात छिद्रांची एक इतकी शाबूत आहे की तीच वाजवून १९९९ मध्ये तिचे स्वर मोजले. सातव्या छिद्राच्या शेजारी तिला एक आठवं, सुईच्या टोकाएवढं भोक आहे. बोट ठेवायला ते निरुपयोगी. छिद्र पाडून झालं, वाजवून पाहिलं, स्वर हवा तिथे लागला नाही, म्हणून बाजूला टोचून तो चढवला.

बोरूवर हे करून बघता येतं. सर्वांत खालचं छिद्र मुद्दाम थोडं बारीक ठेवा. सगळी बोटं झाकून फक्त ते उघडं ठेवलं की स्वर पडेल. त्याच्या शेजारी तापलेल्या सुईने १ मिमीचं भोक पाडा. आता मेणाची गोळी त्यावर दाबून एकदा, काढून एकदा, असं आळीपाळीने वाजवा. फरक थोडाच असेल, पण ट्यूनरवर दिसेल.